जेवल्याशिवाय सही नाही

आमच्या मॅडम उपाशीपोटी सही करत नसत. कारखान्यात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला हे गेटवरच सांगितलं जायचं. इंटर्नशिपच्या पहिल्या दिवशी मी कॉलेजचं पत्र घेऊन जिन्याकडे निघाले, तेव्हा वॉचमनकाका म्हणाले, "सही पाह्यजे असंल तं मॅडमनं खाल्लं का ते इचारजो आधी." मला वाटलं, बाईंना शुगर असेल. शुगर नव्हती, तत्त्व होतं.

"भुकेलं माणूस घाई करते," त्या सांगायच्या. "त्याचं ध्यान डब्यात असते. तो म्हणते, चालते. अन् औषधाच्या कागदावर 'चालते' म्हणून सही करणारा माणूस मले नाही पाह्यजे." यावर कोणी हसलंच, तर पुढचं उत्तर तयार असे. मॅडमचं घर मूळचं ढाणकीचं, आजोबांनी धम्म स्वीकारलेला. त्या म्हणायच्या, "उपाशी राहून बुद्धानं बी पाह्यलं होतं. काय भेटलं? सुजाताची खीर खाल्ली, तवा कुठं उजेड पडला."

परिणाम असा झाला होता, की ज्याला सही हवी तो खायला घेऊन यायचा. प्रॉडक्शनवाले साहेब सकाळी तर्री-पोहा आणत. स्टोअरवाला गाजराचा हलवा आणून फाइलवर ठेवी आणि मग फाइलला तुपाचा डाग पडला म्हणून बोलणी खाई. मॅडम सगळ्यातलं थोडं थोडं खात, उरलेलं आम्हाला देत, आणि मग चष्मा पुसून कागद पहिल्या ओळीपासून वाचायला घेत. आमच्या विभागाला कागदापेक्षा फोडणीचा वास जास्त यायचा. माझं वजन त्या काळात वाढलं ते पुन्हा काही उतरलं नाही.

विभाग म्हणजे तरी काय, एक खोली, दोन टेबलं, कपाटं आणि खिडकीबाहेर पळसाचं झाड. दारावर 'रेग्युलेटरी अफेअर्स' अशी पाटी होती. औषधात काय आहे, ते कसं बनतं, किती दिवस टिकतं, बाटलीवर काय छापायचं, हे सगळं सरकारला पटवून द्यायचं आणि परवानगी मिळवायची, असं आमचं काम. कॉलेजच्या माझ्या मैत्रिणींना हैदराबाद, पुणे, गोवा असल्या ठिकाणी इंटर्नशिप मिळाली होती. त्या गळ्यात ओळखपत्र अडकवून काचेच्या इमारतींसमोर फोटो काढत होत्या. मी यवतमाळच्या एमआयडीसीत, सिरप आणि मलमं बनवणाऱ्या एका लहानशा कारखान्यात, हलवा खात बसले होते.

फोटोंचा मला फार राग यायचा. पण माझंही नशीब लवकरच फळफळलं. हैदराबादच्या एका मोठ्या कंपनीने ऑनलाइन मुलाखत घेऊन मला नोकरी देऊ केली. अट एकच, रुजू होताना इंटर्नशिप पूर्ण केल्याचं सर्टिफिकेट दाखवायचं. मी पेढे घेऊन मॅडमकडे गेले. त्यांनी पेढा खाल्ला, पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "काम पुरं झाल्याचं सर्टिफिकेट आहे ना? मंग काम पुरं झालं की देतो."

माझं काम म्हणजे एक लेबल. लहान मुलांचं अँटिबायोटिक होतं, कोरड्या पावडरीचं. बाटलीत खुणेपर्यंत पाणी घालून हलवायचं, की औषध तयार. कंपनीचं ते नवीन औषध होतं आणि त्याच्या लेबलावरचा मराठी मजकूर मी करायचा, असं ठरलं. मला वाटलं, दोन दिवसांचं काम आहे.

मॅडमच्या हाताखाली कुठलंच काम दोन दिवसांचं नसतं, हे मला हळूहळू कळलं. त्यांच्या खोलीत 'वगैरे' या शब्दाला बंदी होती. एकदा मी म्हणून गेले, "हे औषध सर्दी, खोकला वगैरेसाठी." त्यांनी पेन खाली ठेवलं. "वगैरे कोणता रोग?" मी कागदात शोधायला लागले. "पोरी, वगैरे म्हंजे पुढचं तुले माहीत नाही. मंग सरळ म्हण ना, माहीत नाही." त्यानंतर एकदा मी सवयीने विचारलं, "मॅडम, चहा वगैरे घेता?" त्या शांतपणे म्हणाल्या, "चहा घेतो. वगैरे काय आणलं?"

छापलेलं काहीही दिसलं की त्या वाचत. कुणाच्या लग्नाला गेल्या तर आधी स्वयंपाकाच्या मांडवात जाऊन तेलाचा डबा वाचून येत, मग नवरीला भेटत. कुणाच्या घरी गेल्या, की पाण्याचा पेला हातात घेण्याआधी म्हणत, "औषधायची पिशवी आण बरं." लोकही मुकाट पिशवी आणून देत. त्यातल्या मुदत संपलेल्या गोळ्या त्या वेगळ्या काढत, उरलेल्या कशासाठी आहेत ते घरातल्या बाईकडून वदवून घेत आणि मगच ख्यालीखुशाली विचारत. अशा बाईंना आमच्याकडे बयताड, म्हणजे वेडपट, म्हणतात. कारखान्यातले सगळे तसं म्हणायचेही, पण घरी कुणी आजारी पडलं की फोन त्यांनाच लावायचे.

लेबलाच्या बाबतीत त्यांचा नियम असा, की कागदावर कितीही बरोबर असलं तरी ते बाजारात नेल्याशिवाय पक्कं करायचं नाही. बोरी अरबच्या आठवडी बाजारात त्यांच्या मावसबहिणीचं बांगड्यांचं दुकान लागायचं. त्या दुकानाच्या बाजूला चटई टाकून मॅडम बसत. पिशवीत लेबल लावलेल्या बाटल्या असत, आत औषधाऐवजी पिठीसाखर. शिवाय पाण्याची बाटली, वाटी, चमचा, पेला, एक रुमाल. बाजाराला आलेल्या बायकांना हाक मारून त्या बाटली हातात देत आणि म्हणत, "हे लेकराचं औषध समजा. घरी कसं कराल ते मले करून दाखवा."

आणि इंटर्नच्या तोंडात लिमलेटची गोळी. ती चावायची नाही आणि ती तोंडात असेपर्यंत बोलायचं नाही. गोळी चावली तर ती ट्रायल बाद. पहिल्यांदा त्यांनी मला गोळी दिली तेव्हा मला तो लाडच वाटला होता.

"लाड नाही, कुलूप आहे," त्या म्हणाल्या. "आपण लिहिलेलं कोणी चुकीचं वाचून राह्यलं की आपल्याले सांगाची लय घाई होते. असं नाही ताई, तसं. पण घरी तू राह्यशील का सांगाले? तिथं बाई एकटी अन् बाटली एकटी."

माझं लेबल घेऊन आम्ही गेलो तो बाजार मला अजून जसाच्या तसा दिसतो. लेबलाबद्दल मला खात्री होती. कायद्याने सांगितलेली प्रत्येक गोष्ट त्यावर होती. अक्षरं मोठी होती, बाण लाल रंगात होता. मी गाल फुगवून ऐटीत बसले होते. तेवढ्यात समोरून, हातात भाजीची थैली घेतलेली माझी आई येताना दिसली. आमचं गाव बोरीजवळच, आणि आई दर बाजाराला तिथे येते. मी आज येणार हे तिला सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर तिने डबा आणला असता. मी ओढणी पुढे ओढली. पण मॅडमनी नेमकी तिलाच हाक मारली.

"ओ ताई, दोन मिन्टं बसता का? एक काम होतं."

आई आली आणि तिने मला पाहिलं. "अवं, तू इथं? अन् बोलून काहून नाही राह्यली?"

मी गालाकडे बोट दाखवलं. आईला वाटलं, दाढ दुखते. तिने पिशवीतून लवंग शोधायला सुरुवात केली. मॅडमनी एकदा तिच्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं. आमचं नाक सारखं आहे. त्यांना कळायचं ते कळलं, पण त्यांनी मला सोडलं नाही. "ही नाही बोलत आता. तुमी बसा. हे लेकराचं औषध समजा, घरी कसं कराल ते करून दाखवा."

आई दहावी शिकलेली. रोज पेपर वाचते, अगदी टेंडरच्या जाहिरातींसकट. तिने लेबल मोठ्याने वाचलं. "उकळून थंड केलेले पाणी बाटलीवरील खुणेपर्यंत घालावे व चांगले हलवावे." कुठेही अडखळली नाही. मी मॅडमकडे विजयी नजरेने पाहिलं. आईने झाकण उघडलं, आत डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "वाटी-चमचा आहे का?"

मॅडमनी वाटी-चमचा दिला. आईने बाटलीतली चमचाभर पावडर वाटीत काढली. वरून थोडं पाणी घातलं, बोटाने घोटलं, बाटलीचं झाकण घट्ट लावून ती पदराने पुसली आणि वाटी मॅडमपुढे सरकवली. "झालं. घ्या."

"अन् बाटलीत नाही टाकलं पाणी?" मॅडमनी विचारलं.

"सगळ्यात आत्ताच कायले टाकू? संध्याकाळी परत ताजं करन ना. पाणी लागलं की वस्तू शियी होते. घुटी बी आपण रोज उगाळूनच देतो. कालची उगाळलेली कोण देते लेकराले?"

"पण इथं लिहिलं आहे ना, बाटलीत पाणी घालावं."

"लिहिलं आहे ना. ते जवा समदं एकदम देयाचं असते तवा," आई समजूत घातल्यासारखी म्हणाली.

कोरडी पावडर चमच्याने काढली तर त्या एका चमच्यात कितीतरी वेळचं औषध पोटात जाणार. मी गोळी या गालातून त्या गालात ढकलली. मॅडमनी मात्र आवाज जराही न बदलता पुढचा प्रश्न विचारला. "तुमच्या लेकरायले असंच दिलं का औषध?"

"दोघायले बी," आई म्हणाली. "हे काय, उभी आहे ना समोर धडधाकट."

माझ्या तोंडात कट् असा आवाज झाला.

"गोळी चावली. ट्रायल बाद," मॅडम माझ्याकडे न पाहता म्हणाल्या. मग त्यांनी आईला खरी पद्धत सांगितली. आईने ती ऐकून घेतली, पण आठवडाभर पाण्यात राहिलेलं औषध पोराला द्यायचं हे तिला मुळीच पटलेलं दिसलं नाही. त्या दिवशी ज्या बायकांनी बाटली हातात घेतली, त्यातल्या बऱ्याच जणींनी आईसारखाच चमचा मागितला. तांड्यावरून आलेल्या एका आजीने तर पाणी उकळून थंड केलंय ना, अशी चौकशीही केली आणि मग पावडर वाटीत काढली.

परतीच्या एसटीत मी धुसफुसत होते. "मॅडम, लेबल कायद्याप्रमाणेच आहे."

"आहे. त्यात काही कमी नाही."

"मग माझं काय चुकलं?"

"चुकलं नाही. बाकी आहे," एवढं बोलून त्या समोरच्या सीटमागची गुटख्याची जाहिरात वाचायला लागल्या.

इकडे हैदराबादची तारीख जवळ येत होती. मालकांचे चिरंजीव, ज्यांना सगळे छोटे शेठ म्हणायचे, तेही वर येऊन गेले. सभ्य माणूस होता. येताना खारे शेंगदाणे घेऊन आला. "मॅडम, लेबल नियमात बसतं ना?" "बसते." "मग अडलं कुठे?" "नियमाचं झालं, आता आपलं राह्यलं," मॅडम शेंगदाणे सोलत म्हणाल्या. छोटे शेठ माझ्याकडे बघून खांदे उडवून खाली गेले.

मग मी शेवटचा उपाय केला. आईला सांगून पाटोडीचा रस्सा मागवला. तिने तो सकाळच्या एसटीने, ड्रायव्हरच्या पायाशी ठेवून पाठवला. मॅडमनी त्या दिवशी पहिल्यांदाच कुणासाठी काही उरवलं नाही. रस्सा पुसून खाल्ला, हात धुतले, ढेकर दिली. मी लेबल पुढे केलं, पेनाचं टोपण काढून हातात दिलं. त्यांनी सगळं लेबल वाचलं आणि टोपण परत लावलं.

"पोट भरलं," त्या म्हणाल्या. "आता डोकं बरोबर चालून राह्यलं. म्हणूनच सही नाही करत."

मी जिन्यात जाऊन बसले आणि रडले. नोकरी जाणार याचं रडू होतंच, पण आईचा रस्सा फुकट गेला याचाही राग होता. घरात महिन्याला पगार येणारं अजून कुणी नव्हतं. दादाचं वावर पाऊस देईल तेवढं देणार. थोड्या वेळाने मॅडम येऊन वरच्या पायरीवर टेकल्या. पिशवीतून गोळी काढून माझ्या हातावर ठेवली. "घे. ही चावाची आहे." मी ती कडाकडा चावली. त्यांनी दुसरी दिली, तीही चावली. मग त्यांनी मोबाइल काढला आणि माझ्यासमोर हैदराबादच्या कंपनीला फोन लावला. त्यांचं हिंदी आमच्या सगळ्यांसारखंच, अर्धं मराठी. "लडकी का काम बाकी है. आधा काम छोड के आनेवाली आप को चाहिए क्या? चाहिए होंगी तो आज भेजती हूँ." पलीकडून काय उत्तर आलं ते ऐकू आलं नाही. मॅडमनी फोन ठेवला. "थांबतो म्हणते तो. चाल आता, उठ."

त्यानंतर मी ते लेबल पुन्हा पुन्हा केलं. 'संपूर्ण पावडर एकदम भिजवावी' असं लिहून खाली पॅकिंगच्या बायकांकडे नेलं, तर त्यांनी संपूर्ण पावडर एकदम वाटीत ओतली. शब्द वाढवले तर त्यांनी वाचायचंच सोडलं. शेवटी एक चित्र काढलं. पावडरीत बुडालेला चमचा आणि त्यावर लाल फुली. त्याच्या शेजारी बाटलीत पाण्याची धार. खाली एकच ओळ, 'सगळी पावडर बाटलीतच राहू द्या. पाणी घातलेले औषध आठवडाभर ताजे राहते.'

छोटे शेठ म्हणाले, "औषधाला कुणी ताजं म्हणतं का मॅडम?"

"आपण नाही म्हणत. हिची आई म्हणते," मॅडम म्हणाल्या.

पुन्हा बोरीचा बाजार, पुन्हा चटई, पुन्हा गालात गोळी. आई या वेळी स्वतःहून आली आणि पदर खोचून बसली. तिने लेबल वाचलं नाही, चित्र पाहिलं. चमच्यावरच्या फुलीवर बोट ठेवून थांबली. मी जीभ वर दाबून धरली होती. आईने झाकण उघडलं, पाणी घेतलं, खुणेपर्यंत ओतलं आणि हलवलं. फेस बसल्यावर पाणी खुणेच्या खाली गेलं, तेव्हा परत थोडं घातलं. मग बाटली उजेडात धरून म्हणाली, "आठ दिस ताजं राह्यते म्हणून राह्यलं हे. मले काही पटत नाही बाप्पा. पण लिहिलं आहे तं करतो."

मॅडम माझ्याकडे वळल्या. "गोळी?"

मी तोंड उघडून दाखवलं. गोळी विरघळून गेली होती.

मला वाटलं, आता तरी सही करतील. पण त्या उठल्या, कोपऱ्यावरच्या गाडीवरून आलुबोंडे घेऊन आल्या, आईला आणि मला दिले, स्वतः सावकाश खाल्ले, रुमालाने बोटं एकेक करून पुसली. मग गुडघ्यावर कागद ठेवून सही केली. सर्टिफिकेटही त्यांनी तिथेच पिशवीतून काढलं. ते आधीपासून टाइप करून ठेवलेलं होतं. मी त्यांच्या पाया पडायला वाकले तर म्हणाल्या, "राहू दे, पाणी सांडशील." इतका आनंद मला आजवर दुसऱ्या कुठल्याच कागदाने दिलेला नाही.

आता मी हैदराबादला काचेच्या इमारतीत बसते. गळ्यात ओळखपत्र असतं. माझ्या खणात लिमलेटच्या गोळ्यांचं पाकीट असतं आणि आमच्याकडे येणाऱ्या इंटर्नना मी आधी ती गोळीच देते. तेही पहिल्यांदा तो लाड समजतात. मॅडम निवृत्त झाल्या, पण छोटे शेठ त्यांना सोडत नाहीत. आठवड्यातून काही दिवस त्या जातात, पोहे खातात, सह्या करतात.

मागे एकदा रात्री घरी व्हिडिओ कॉल लावला. दादाच्या बाळाला ताप होता, डॉक्टरांनी पावडरीचं औषध दिलं होतं. कंपनी दुसरीच होती. वहिनी फोन भिंतीला टेकवून ओट्यापाशी उभी होती आणि बाटलीवरचं वाचत होती. लेबल चांगलं होतं, अक्षरं मोठी, बाण लाल. चमच्याचं चित्र नव्हतं. मागे आई बाळाला मांडीवर घेऊन बसली होती, अगदी गप्प. आई गप्प बसली म्हणजे काहीतरी बिनसलंय, असं आमच्या घरात समजतात.

"आई, काय झालं वं? बोलत काहून नाही?"

आईने गालाकडे बोट दाखवलं. गाल फुगलेला होता. दाढ नव्हती, लिमलेटची गोळी होती, हे मला लगेच कळलं.

वहिनीने वाचून संपवलं, झाकण उघडलं आणि रॅकवरचा चमचा घेतला. मी ओरडायला तोंड उघडलं, पण माझ्या आधी फोनमधून आवाज आला. कट्.

"थांब," आई म्हणाली. "चमचा ठेव खाली. समदी पावडर बाटलीतच राहू दे. आठ दिस ताजं राह्यते ते."

वहिनीने बाटलीत खुणेपर्यंत पाणी घातलं. बाळाने औषध घेतलं, तोंड वाकडं केलं आणि भोकाड पसरलं. मी फोन ठेवला आणि तडक मॅडमना लावला. सगळं सांगितलं, गोळीसकट. म्हटलं, "मॅडम, आईने चावली. ट्रायल बाद."

मला वाटलं, कंपनीचं नाव विचारतील, लेबलाचा फोटो मागतील. तो त्यांनी नंतर मागितलाच. आधी त्यांनी विचारलं, "आई जेवलती का तवा?"

"हो, जेवण झालं होतं सगळ्यांचं."

"मंग ठीक आहे," त्या म्हणाल्या. "तिची सही चालते मले."